तीन पानी राजीनामा

अर्ज कसा लिहावा, हे मला कुणी शिकवायला नको! पुण्यात होतो तेव्हा अख्ख्या सोसायटीचे अर्ज मीच लिहायचो. पाण्याचा दाब, भटकी कुत्री, टेलिफोनची तार, विषय कुठलाही द्या. त्यामुळे २००५ साली वेलिंग्टनच्या सरकारी ऑफिसातली आयटीची नोकरी सोडायची ठरली, तेव्हा माझा राजीनामाही तीन पानांचा झाला.

आल्या आल्या मुद्द्यावर यायचं नाही, ही आपली पद्धत. म्हणून पहिल्या पानावर ऑफिसचे आभार आणि माझ्या टेबलाजवळचा हीटर दोन हिवाळे बंद आहे, याची नम्र आठवण. दुसऱ्या पानावर माझी कामगिरी. आणि तिसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत, राजीनामा. ऑकलंडजवळच्या न्यू लिनमधल्या एका कंपनीनं मला मॅनेजर म्हणून बोलावलं होतं.

पत्र साहेबांच्या, म्हणजे ग्रेगच्या हातात दिलं. त्यानं पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "चिअर्स, प्रमोद. बघतो काय ते." मला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला.

धक्का आमच्या घरीही बसला होता. माझ्या बायकोला, निवेदिताला, वेलिंग्टनजवळचं आमचं पोरिरुआ सोडायचं नव्हतं. तिची शाळेतली नोकरी इथे, मेथीचे वाफे इथे. "तू हो मॅनेजर, मी इथून फोन करत जाईन," असं ती शांतपणे म्हणाली होती. ती शांतपणे बोलली की मला भीती वाटते.

महिना संपला. शेवटचा शुक्रवार उजाडला तरी निरोप समारंभाची काही हालचाल दिसेना. ना कार्ड, ना फुलं. किवी माणूस भावना दाखवत नाही म्हणतात. मग मीच मॉर्निंग टीला घरचा चिवडा, चकल्या आणि करंज्या नेल्या. आठवडा दिवाळीचा होता, फराळ घरात होताच. वीस मिनिटं भाषण केलं. कुणाचं काही चुकलं असेल तर मी मनात ठेवत नाही, हेही सांगून टाकलं. रिसेप्शनवरची टीना तर डोळे पुसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वाइप कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि जड पावलांनी ट्रेन पकडली.

सोमवारी सकाळी न्यू लिनहून फोन आला. कंपनीच गुंडाळली होती. जुनी नोकरी गेली, नवी आलीच नाही.

"ग्रेगला फोन कर, परत घे म्हणावं," निवेदिता म्हणाली.

"राजीनामा लेखी दिलाय. विनंतीही लेखीच जाईल."

आमचे चिरंजीव यशोधन डिक्शनरी घेऊन बसले. "बाबा, जस्ट से रिहायर," त्यानं दोन मिनिटांत निकाल दिला. पण 'रिहायर' मला फारच उघडाबोडका वाटला, भाड्याची सायकल पुन्हा आणावी तसा. 'री-एम्प्लॉय' सरकारी खात्याला शोभेल, पण कोरडा. 'रीइन्स्टेट' म्हटलं की निलंबित फौजदार डोळ्यापुढे येतो. 'टेक बॅक' म्हणजे दुकानात परत केलेला शर्ट. शेवटी चारही शब्द घातले. कुठला तरी लागू पडेल. अर्ज पाच पानांचा झाला. पहिलं पान अर्थातच आभाराचं. मंगळवारी पहाटे स्वतः ऑफिसच्या पत्रपेटीत टाकून आलो.

उत्तर येईना. मी दर तासाला दारातली पेटी उघडून बघत होतो. बुधवारी मी बाहेर वाफे खुरपत असताना आत फोन वाजला, मी धावत गेलो, तर निवेदितानं रिसीव्हर ठेवलाही होता. "माझाच होता," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचा सूर एकदम प्रेमळ झाला. "येईल रे उत्तर. नुसता बसू नकोस, मन रमव," असं म्हणून तिनं हातात रंगाचा ब्रश दिला. रविवारपर्यंत मी पन्हाळी साफ केल्या, गॅरेज आवरलं आणि कुंपण दोन्ही बाजूंनी रंगवलं.

रविवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या तूच जाऊन भेट त्याला."

सोमवारी लग्नातला सूट चढवून गेलो. टीनानं मला बघून तोंड उघडलं, पण मी तिला बोलू न देता पाहुण्यांच्या वहीत सही केली आणि सोफ्यावर बसलो. ग्रेग बाहेर आला.

"सूट का? कुणी गेलं का?"

मी उभा राहिलो. "ग्रेग, मला परत घ्या. रिहायर म्हणा, री-एम्प्लॉय म्हणा, रीइन्स्टेट म्हणा, टेक बॅक म्हणा."

"परत? कुठून?"

"मी गेलो होतो ना."

"हो, दिवाळीच्या रजेवर. भाषण छान झालं तुझं. चिवडा जरा तिखट होता, टीनाच्या डोळ्यांतून पाणी आलं."

"आणि माझं पत्र?"

"हीटरचं? बसवला की नवा, गेल्याच सोमवारी. मंगळवारी तुझं आभाराचं पत्रही आलं. तुला इतक्या लवकर कळलं कसं?"

दोन पत्रं, आठ पानं, आणि या माणसानं वाचली होती दोन! टेबलापाशी गेलो. ड्रॉवरमध्ये कार्ड तसंच होतं. पायाशी नवा हीटर ऊब देत होता. नोकरी शाबूत होती, जीव भांड्यात पडला. पण थोडं वाईटही वाटलं. मी वीस मिनिटं सगळ्यांचा निरोप घेतला होता आणि एकालाही मी गेलेला कळलं नव्हतं.

हे घरी कसं सांगणार? संध्याकाळी बूट काढता काढता म्हटलं, "ग्रेग हात सोडेना. शेवटी म्हटलं, ठीक आहे, येतो परत."

"हो का?" निवेदिता पोळ्या लाटत म्हणाली. "मग प्रिंटर सुरू झाला का?"

"झाला. म्हणजे... तुला प्रिंटरचं कसं माहीत?"

"बुधवारी ग्रेगचा फोन आला होता. प्रिंटर अडकलाय, प्रमोद रजेवरून कधी येतोय, विचारत होता. मी सांगितलं, सोमवारी."

"बुधवारी? आणि मी रविवारपर्यंत इथे जीव मुठीत धरून..."

तिनं पोळी तव्यावर टाकली.

"शनिवारपर्यंत कुंपणाची एकच बाजू झाली होती रे."

दुसरी बाजूही छान झाली आहे. पोरिरुआकडे आलात तर बघून जा.