धरणवाल्यांचा पूर

काकांनी दाराच्या चौकटीत पुराचं पाणी अडवायची लोखंडी फळी बसवली, कडेची रबराची पट्टी दाबली आणि आतून पान्याने नट असे आवळले की काकूंना वाटलं, आता जन्मभर आतच. मागचं दार तर सकाळीच बंद झालं होतं. मग काका खिडकीजवळ स्टुलावर चढले आणि गजांतून गल्लीला म्हणाले, "नीट ऐका. यंदा नदी चढली तर ही फळी कोणासाठीही निघणार नाही!"

त्यांच्या संतापाला कारण होतं. फळीमुळे गेल्या पुरात गल्लीत एकच घर कोरडं राहिलं आणि म्हणून अख्खी गल्ली त्याच दोन खोल्यांत राहायला आली. शेजारचा शिंपी शिवणयंत्रासकट आला आणि काकूंच्या पलंगावर पसरून घोरला. पूर ओसरल्यावर काका घरोघर सांगत फिरले, "बाबांनो, तुम्हीही फळ्या लावा." त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर, "तुमचं घर आहे ना!" वर 'धरणवाले' हे नाव मिळालं ते वेगळंच. काकूंनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "पुन्हा ती वरात आली, तर मी माहेरी निघाले."

म्हणून आज काका ठणकावून बोलत होते आणि काकू पलंगावर पाय वर घेऊन डुलक्या काढत होत्या. भाषण बरंच लांबलं. शेवटी काकूंनी पाय खाली सोडला आणि त्या किंचाळल्या.

"अहो! पाणी!"

खोलीत गुडघाभर पाणी होतं. पुरात प्यायला पाणी हवं, म्हणून काकांनी सकाळी पिंपात नळ सोडला होता. तेव्हा नळ कोरडाच होता, म्हणून तो तसाच राहिला. आता तो धो धो वाहत होता. मोरीतून पाणी निघून गेलं असतं, पण गटार उलटं घरात येऊ नये म्हणून काकांनीच तिथे चिंध्यांचा बोळा ठोकला होता. काकांनी नळ बंद केला, बोळा ओढून पाहिला. बोळा फुगून घट्ट बसला होता.

"फळी काढा आधी," काकू म्हणाल्या.

"आत्ता? अहो, आत्ताच सगळ्यांसमोर काय बोललो मी!"

शिंप्याने खिडकीतून डोकावून पाहिलं. "धरणवाले, धरण भरलं की हो!"

गल्ली खो खो हसली. काका ओल्या धोतरानिशी पुन्हा स्टुलावर चढले. "हसा, खुशाल हसा! पण बाहेर एक थेंब तरी आलाय का? याला म्हणतात फळी!"

"ते खरं, पण काकू बुडतील ना."

"बुडू देत. शब्द म्हणजे शब्द!"

काकूंनी हे ऐकलं. त्यांची नवी गादी एव्हाना पलंगाखालून तरंगत बाहेर आली होती. त्यांनी पाना उचलला आणि नट सोडले. फळी धाडकन पडली. सगळं पाणी उंबरा ओलांडून उताराने निघालं, ते थेट शिंप्याच्या उघड्या दुकानात शिरलं. तागे जमिनीवरच होते. शिंप्याचं हसू तोंडातच राहिलं.

आठवड्याभरात गल्लीतल्या प्रत्येक दाराला फळी लागली. काका पाहायला निघाले, तर शिंपी घामाघूम होऊन नट आवळत होता. काकांचा ऊर भरून आला.

"पटलं ना शेवटी? नदीचा काय भरवसा!"

"नदीसाठी कोण लावतंय?" शिंपी म्हणाला. "नदी आली तर तुमच्याकडे यायची सोय होती. पण तुम्हीच आलात तर आम्ही जायचं कुठे?"

काकांनी मान ताठ केली.

"माझ्यासाठी तर माझ्यासाठी," ते म्हणाले. "पण तो वरचा नट अजून थोडा आवळा. माझं पाणी साधंसुधं नाही."