घंटेमागचा परकीय हात

"एजियन समुद्रात दोनच गोष्टी खोल आहेत," पांतेलिस म्हणायचा, "एक पाणी, दुसरी माझी बुद्धी."

जकातखात्यात तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झाल्यावर त्याने आपल्या छोट्या ग्रीक बेटाचा गुप्तहेर म्हणून स्वतःची नेमणूक केली होती. गुप्त तसं काही नव्हतं. दारावर पाटी होती. त्याचा मेहुणा स्त्रातोस धंद्याने कोळी. बहिणीने शपथ घातली म्हणून बिचारा त्याचा मदतनीस झालेला.

या जानेवारीत मात्र स्त्रातोसच काकुळतीला आला होता. चर्चची घंटा पहाटे सहाला व्हायची, तिच्यावर होड्या निघायच्या. सोमवारी ती पाचलाच झाली. अंधारात वीस दिवे पाण्यात शिरलेले पाहून समोरच्या तुर्की किनाऱ्यावरून गस्तीची बोट धावली. मग ग्रीक बोट धावली. मग डोक्यावर दोन्हीकडची विमानं. पाणी कुणाचं, आभाळ कुणाचं, यावर जुंपली आणि मासेमारी बंद. घंटा रोज पाचलाच.

"मी सहालाच वाजवतो," चर्चचे पाद्री इसिदोरोसबाबा छातीवर क्रूस काढत म्हणाले.

"म्हणजे पाचची घंटा शत्रूची!" पांतेलिस गरजला.

"मग सहाची का ऐकू येत नाही?" स्त्रातोसने विचारलं.

"तीच तर त्यांची चलाखी!"

त्याने भिंगातून घंटेचा दोर तपासला. "केस! शिकवलेली शेळी पोहत आली होती."

"आमचीच आहे ती," बाबांची बायको एव्दोकिया म्हणाली. "तिथेच बांधते मी." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मुलाने पाठवलेला मोबाइल तुम्ही खिडकीत ठेवता ना, समुद्राच्या बाजूला?"

"हो. त्यात बघूनच तर उठतो."

"त्याला पलीकडची तुर्की रेंज लागते, मग वेळही तिकडचीच दाखवतो. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ तासभर पुढे असतं."

पांतेलिसने भिंग पुसलं. "मला संशय होताच."

स्त्रातोस धावत होडीवर गेला आणि वायरलेसवर दोन्ही बोटींना सगळं सांगितलं. मग तुर्की कप्तान मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाला, "म्हणजे तीन दिवस आम्ही खिडकीशी लढतोय?"

"हो," ग्रीक कप्तान म्हणाला. "आता वळ मागे."

"आधी तू वळ."

"तू आलास आधी!"

दुपार झाली तरी कुणी हलेना. शेवटी स्त्रातोस वैतागला आणि दोन बोटींच्या बरोबर मधोमध जाळं टाकून बसला. दोन्ही कप्तान भोंगे वाजवून ओरडले. तीन दिवस तिथे जाळं पडलं नव्हतं. माशांनी भरलेलं ते ओढताना त्याचे खांदे निखळायची वेळ आली.




हळूहळू ओरडा थांबला. वायरलेसवर तुर्की कप्तानाने हलक्या आवाजात विचारलं, "भाऊ, किलोला काय भाव?"