सुधीर कारखानीसांना खाडी दिसते

१९९७ च्या मे महिन्यात कळव्याच्या सुधीर कारखानीसांना सरकारी पत्राने कळवण्यात आले, की त्यांना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते. सबब पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाणी कुठवर आले हे फोनने कळवण्यासाठी त्यांची 'मानद जलनिरीक्षक' म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.

कारखानीस बँकेत नोकरीला होते. सरकारी शिक्क्यावर त्यांचा फार विश्वास. पत्र हातात धरून ते खिडकीशी गेले. समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, आवडाबाईंची खिडकी होती आणि आवडाबाई बोंबील साफ करत होत्या. आवडाबाईंची इमारत मागे एका दिवाळीच्या सुट्टीत, सगळी कार्यालये बंद असताना उभी राहिली होती.

"काय शोधतंस, सुदीरभाव?"

"खाडी."

"ती आमचे मागल्या पडवीशी हाय. तुमचे इकरं कशी येल?"

हाच प्रश्न घेऊन कारखानीस पत्र पाठवणाऱ्या कार्यालयात गेले. 'दृश्यता कक्षा'बाहेर चपला काढून आत जावे लागे, कारण आत संगणक होता. कक्षाच्या प्रमुख प्रमोदिनी चौबळ शाल पांघरून बसल्या होत्या. एसी संगणकासाठी होता.

"मॅडम, मला खाडी दिसत नाही."

"डोळे तपासलेत?"

मग त्यांनी पडद्यावर कळवा दाखवला. सगळ्या जमिनीचे बारीक चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनात तिथली उंची भरली होती. "संगणक तुमच्या डोळ्यांपासून खाडीपर्यंत सरळ रेघ ओढतो. मध्ये टेकाड आलं, तर तुम्ही लाल. नाही आलं, तर हिरवे. तुम्ही हिरवे आहात."

"पण मध्ये इमारत आहे हो!"

"नकाशावर नाही. अनधिकृत आहे ती. आणि जी कायद्याने नाहीच, ती आड कशी येईल?"

कारखानीसांनी पत्रावरचा शिक्का पुन्हा पाहिला.

"निरीक्षकाची उंची पाच फूट सहा इंच धरली आहे," मॅडम म्हणाल्या.

"माझी पाच तीन आहे."

"मग पाटावर उभे राहा."

पावसाळा सुरू झाला. भरतीच्या वेळी कारखानीस पाटावर उभे राहून हाक मारत, आवडाबाई पडवीत जाऊन पाणी बघून येत आणि कारखानीस तो निरोप फोनवर सांगत. माहिती इतकी चोख येऊ लागली, की चौबळ मॅडम कौतुकाने स्वतः पाहणीला आल्या. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. नाक भिंतीला घासायचेच बाकी राहिले.

"ही आड येते," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज कार्यालयीन झाला. "नकाशात खाडी दिसते, इथे दिसत नाही. म्हणजे एक तर संगणक चुकला, नाही तर इमारत. संगणक चुकल्याची नोंद करायची आमच्याकडे सोय नाही. इमारत चुकली तर पाडायची सोय आहे."

पलीकडे विळीवरचा आवडाबाईंचा हात थांबला. "भर पावसात आमी कुटं जावाचं, बाय?"

कारखानीसांनी आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नव्हती. ते पाटावर चढले. समोरच्या भिंतीवरच्या ओलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"दिसते की, मॅडम! अगदी स्वच्छ. पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा दिसतात."

"लेखी द्याल?"

त्यांनी दिले: 'सदर इमारत खाडीच्या दर्शनास आड येत नाही.' मॅडमच्या जिवात जीव आला. संध्याकाळी खिडकीतून कोलंबीच्या कालवणाचे पातेले आले. खोटे बोलून इतकी शांत झोप लागते, हे कारखानीसांना नवीनच होते.

पण त्या कागदाची नक्कल एका बिल्डरच्या हाती लागली. एक इमारत आड येत नाही, तर दुसरी कशी येईल? वर्षभरात आवडाबाईंच्या पडवीमागे आणखी चार उठल्या. खाडीही थोडी बुजवावी लागली. आता आवडाबाई मागच्या घरातल्या गोमाजीला हाक मारत, गोमाजी त्याच्या मागच्याला. खाडीवरून निघालेला "पाणी बांधाला लागलं" हा निरोप पाच स्वयंपाकघरे ओलांडून येईपर्यंत "राणी कामाला लागली" असा होई आणि कारखानीस 'परिस्थिती सामान्य' असे कळवून मोकळे होत.

पुढच्या जुलैत एका सकाळी भरती आणि पाऊस एकदमच आले. बुजवलेल्या जागेतले पाणी जागा शोधत निघाले आणि त्याला कारखानीसांचा तळमजला सापडला. त्यांनी खिडकीतून आवडाबाईंना ओढून आपल्या ओट्यावर घेतले, स्टोव्हसकट. मग गुडघाभर पाण्यात उभे राहून फोन फिरवला.

"मॅडम, पाणी दारातून आत आलंय! माणसं पाठवा!"

"आपली नेमणूक खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यासाठी आहे, कारखानीस साहेब. दाराचं खातं वेगळं."

"अहो, आवडाबाईंचं घर बुडालं!"

"ते नकाशावर नाही. खाडी दिसते का, तेवढं सांगा."

कारखानीसांनी सभोवार पाहिले.

"दिसते, मॅडम. आज खरंच दिसते. फ्रिजपाशी आहे."

"म्हणजे आमचा संगणक बरोबर होता!" चौबळ मॅडम मनापासून आनंदल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

माणसे आली नाहीत. गोमाजीने होडी आणली आणि दोन्ही घरे उपसायला आठवडा गेला. 'संगणकाचा अंदाज तंतोतंत खरा' ही बातमी मात्र दुसऱ्याच दिवशी छापून आली. ठाण्या-डोंबिवलीच्या वरच्या मजल्यांवर ती गरम चहाबरोबर वाचली गेली. तुम्हीही वाचली असेल. देश किती पुढे गेला, असे म्हणाला असाल आणि पान उलटले असेल. त्यात तुमचा काय दोष? तुमच्या खिडकीतून कळवा थोडाच दिसतो!