नाना हरवून पाहिले

कापूस मला फसवू शकत नाही! चिमूट हातात घेतली, दोन बोटांत ओढली, की धागा लांब की आखूड, ओला की कोरडा, डोळे मिटून सांगतो. धुळ्यातले जिनिंगवाले मला त्याचाच पगार देतात. मग एका वृद्धनिवासाची पारख ती काय मोठी!

"जाहिरातीत सगळं आहे की," माझी बायको सरिता म्हणाली. "डॉक्टर, योगा, सात्त्विक जेवण."

"गाडीतला वरचा कापूस नेहमीच पांढराशुभ्र असतो. आतला ओढून बघावा लागतो!"

थांबा. आधी नाना.

नाना म्हणजे माझे वडील. मूळचे शिंदखेड्याकडचे. आई गेल्यापासून त्यांच्या डोक्यातले रस्ते एकमेकांत मिसळायला लागले. एकदा कोपऱ्यावर दूध आणायला निघाले ते दोंडाईच्याच्या एसटी स्टँडवर सापडले. हातात दुधाची पिशवी होती, दूध केव्हाच फाटलेलं!

आम्ही दोघंही नोकरीला. म्हणून यावलच्या अलीकडचं, केळीच्या बागांमधलं हे निवास. नाना एक दिवस राहून बघायला तयार झाले होते. मला मात्र एकच गोष्ट बघायची होती, बाकी योगा-बिगा शोभेचा. नाना हरवले, तर इथलं कोणी त्यांना शोधायला निघेल का?

मग परीक्षाही सरळच. हरवून बघायचे!

"नाना, जेवलात की गुपचूप मागच्या केळीत जाऊन बसा. कोणाला सांगू नका."

"कसाले?"

"परीक्षा आहे."

"कोनी?"

"यांची!"

नाना हसले. आई गेल्यापासून एवढे पहिल्यांदाच. "बरं शे," म्हणाले, आणि जेवण होताच मांजरासारखे मागच्या फाटकातून निसटले. बागेला चहूबाजूंनी कुंपण, आत ठिबकचा गारवा. काळजीचं कारण नव्हतं. मी ऑफिसात बसून फक्त बघणार होतो, कोणाच्या लक्षात येतं ते.

व्यवस्थापिका पुष्पाबाईंनी लिंबाचं सरबत दिलं. बाहेर मे महिना रस्ता तव्यासारखा तापवत होता. आत वाळ्याचा कूलर. मी डोकं नुसतं टेकवलं, डोळे मिटले नव्हते,

केळीची पानं हत्तीच्या कानांसारखी हलतायत आणि प्रत्येक पानाखाली एक नाना बसलेत, मिशीवाले नाना, आईला डबलसीट घेतलेले नाना, चड्डीतले नाना, मी एकेकाला दोन बोटांत धरून ओढतोय आणि धागा निघतोय, पांढरा, मऊ, निघतच जातोय, तापीच्या पाण्यावरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला कोणीतरी तो धरून उभं आहे, मी विचारतोय कोण आहे तिकडे आणि तिकडून

वीज गेली.

कूलर गप्प. मी जागा. सरबतात मुंगी.

व्हरांड्यात कोणी नाही. दिवाणखान्यात पत्ते तसेच अर्धवट टाकलेले. खोल्या रिकाम्या. व्हीलचेअरीसुद्धा नाहीत! स्वयंपाकघरात कोणी नाही, फाटकावर कोणी नाही. मी एक माणूस हरवून बघायला आलो होतो, अख्खं निवासच हरवलं होतं!

सरिताला फोन लावला.

"नाना कुठे आहेत?"

"नानांचं काय घेऊन बसलीस! सगळेच हरवले!"

"कुठे?"

"ते माहीत असतं तर हरवले कशाला म्हणालो असतो!"

पळत शेजारच्या गावात गेलो. मारुतीच्या देवळातला भोंगा बॅटरीवर चालत होता. पुजाऱ्याला विचारायला वेळ नव्हता. "ऐका हो! वृद्धनिवासातले सगळे वृद्ध हरवले आहेत! त्यांना सांभाळणारेही हरवले आहेत!"

भर उन्हात गाव गोळा झालं. एक जण ट्रॅक्टर घेऊनच आला.

"वर्णन सांगा, भाऊ."

"म्हातारे आहेत!"

"कपडे कोणते?"

"होते अंगावर!"

सगळे निवासापाशी पोचलो, तेवढ्यात ट्रॅक्टरवाला म्हणाला, "केळीत कोणीतरी भांडतंय बघा."

मागच्या फाटकातून आत शिरलो आणि पाय आपोआप हळू पडायला लागले. ऊन पानांतून गाळून हिरवं होऊन खाली येत होतं. माती ओली. दोन ओळींच्या मध्ये व्हीलचेअरी होड्यांसारख्या लागलेल्या. कोणी उपरणं पसरून पडलेलं, कोणाचे पाय ठिबकच्या पाण्यात. आणि मधोमध मेंढीकोटचा डाव. त्यात नाना!

"अहो, हे काय चाललंय!" मी ओरडलो.

"हळू!" एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले हिलाल आबा खेकसले. "हुकूम फुटायचा आहे."

"माझा भिडू जेवायला म्हणून डावावरून उठला, तो परत येईना," समोरच्या बेबाबाई पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाल्या. "डाव अर्धा टाकून जातंय का कोणी? मी सगळ्यांना उठवलं."

"आणि मी एकेक ओळ तपासली," हिलाल आबा म्हणाले. "विनातिकीट माणूस माझ्या हातून सुटत नाही!"

नाना सापडले, तेवढ्यात वीज गेली, आणि गारवा सोडून परत जायला कोणी तयार होईना. दुसरे पत्ते आले, सरबताचं पातेलं आलं.

"मग मला का नाही उठवलं?"

"दोनदा उठवलं!" पुष्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, 'माल चांगला आहे, उतरवून घ्या.' आणि कूस बदललीत."

गाव हसलं. ट्रॅक्टरसुद्धा हसल्यासारखा धडधडला.

मी नानांजवळ उकिडवा बसलो. "नाना, पास झाले हे लोक. राहाल इथे?"

"ऱ्हासू." नाना पत्ते लावत राहिले. मग माझ्याकडे न बघता, "पान हालनं की माले वाटे, तूच उना." एक पत्ता टाकला. "बठ्ठा उनात. तूच नही उना."

सगळे आले होते. मी नव्हतो आलो. मी एका केळीच्या पानाकडे बघत बसलो.

नाना आता तिथेच असतात, मजेत. दर रविवारी मी त्यांना धुळ्याला घेऊन येतो. पुष्पाबाईंची हरकत नव्हती, बेबाबाईंची होती. "तुमच्या एकट्याच्या भरवशावर त्यांना कसं सोडायचं?" म्हणून निवासातलं कोणीतरी सोबत येईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. बहुतेक वेळा त्याच येतात. जेवणं झाली की नाना पलंगावर आडवे होतात, सरिताही लवंडते, आणि बेबाबाई सोफ्यावर पदराने वारा घेत माझ्यासमोर बसतात. माझ्या पापण्या जड झाल्या की खाकरतात.

नाना छान घोरतात. मी जागा असतो.