क्रोधी संवत्सरी वेणूबाईसाहेबांनी चाकांचे घर निवडिले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. ज्या राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही त्या राज्यी जे घडले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. वाचणारांनी सावध चित्ते वाचावे, आणि वाचून ज्यांस राग येणार नाही त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचावे.

त्या राज्याचे धनी महाराज हणमंतराव. मनाचे वाईट नव्हेत, परंतु कानाचे हलके, आणि चारचौघांत कोणी मान डोलाविली की आपणही डोलावावी ही सवय. राणी वेणूबाईसाहेब समुद्रकाठच्या मुलखातल्या, बोलण्यास थोड्या आणि पाहण्यास तीक्ष्ण. लेकरे तीन. थोरली ताराऊ, जिचे प्रश्न संपत नसत. मधला रंगराव, मोटार हलली की ओकणारा. धाकटी चिमाई, निजली की लोळत लोळत अंथरुणाबाहेर जाणारी. महाराज सकाळपासून दरबारी आणि सायंकाळी पुन्हा दरबारी, जेवणासही चार कारभारी पंक्तीला, ऐसे चालले असता एके दिवशी रंगरावांनी आईस विचारिले, "आईसाहेब, आबासाहेब आपल्याकडेच राहतात का?" ते बाईसाहेबांस फार लागले. मग त्यांनी महाराजांस सांगितले की मुलांना सुटी आहे, समुद्र दाखवावा, पंधरवडा आपण पाच माणसे आणि मध्ये कोणी नाही. महाराज म्हणाले, उत्तम, मुक्कामोमुक्कामी बंगले सज्ज करवितो. बाईसाहेब म्हणाल्या, "बंगला म्हटला की मांडव आला, मांडव आला की अर्ज घेऊन माणसे आली, की आपण पुन्हा दरबारात. मोटारीमागे जोडायचे चाकांचे घर घेऊ, कॅम्पर ट्रेलर म्हणतात ते. वाटेल तिथे थांबू, वाटेल तेव्हा निघू." महाराजांस ही गोष्ट फार गोड लागली, आणि त्यांनी तत्काळ दिवाण अप्पाजीपंतांस बोलावून चाकघर पसंत करण्याची मसलत नेमिली. येथेच गोष्ट बिघडली.

मसलतीस कोण कोण बसले ते ऐकावे. दिवाण बसले, फडणीस बसले, शिलेदार बसले, दोघे मामलेदार बसले, आणि झुंबरशेठ नामे सौदागर रंगीत चित्रांची चोपडी घेऊन बसला. ज्यांस त्यात निजायचे होते त्यांपैकी एकही माणूस बोलाविला नव्हता. बाईसाहेब आपल्या पायांनी आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या, तेव्हा सर्वांनी उठून मुजरे केले आणि पुन्हा बसून जणू त्या तेथे नाहीतच ऐसे बोलणे चालविले. शिलेदार म्हणाले, घर उंच हवे, लांबून दिसावे. फडणीस म्हणाले, आत आरसा हवा. मामलेदार म्हणाले, आरसा कसला, भिंतभर पडदा हवा चित्रे पाहावयास. दिवाण म्हणाले, मागल्या अंगास शिसवी कपाट हवे, चांदीची भांडी राहावीत, कारण वाटेत कोणी मानकरी भेटला तर त्यास चहा कशात द्यावा. झुंबरशेठ प्रत्येकास "क्या बात है सरकार" म्हणे आणि चोपडीचे पान उलटी. आणि मग बाईसाहेबांनी विचारिले, "मुलं कुठं निजायची?"

झुंबरशेठाने चोपडी मागे पुढे केली आणि म्हणाला, "ही बैठक उलटली का मोठा पलंग होतो, सरकारांसाठी. पोरं काय, मधल्या वाटेत गादी टाकली का झालं."

"वाटेत निजतील, मग रात्री उठलं कोणी तर त्यांच्या अंगावरून जायचं?"

"लहान मुलं आहेत बाईसाहेब, कुठंही निजतात," दिवाण हसून बोलिले.

"धाकटी लोळते. तिला कठड्याची जागा हवी. आणि हे इतकं अवजड घर आपली मोटार ओढणार कशी? त्याला स्वतःचे ब्रेक आहेत का? घाट उतरायचा आहे."

यावर दिवाणांनी महाराजांकडे पाहिले, महाराजांनी खिडकीबाहेर पाहिले, आणि दिवाण अति आदराने, लेकराची समजूत काढावी तैशा आवाजात बोलिले, "बाईसाहेबांनी यंत्राची चिंता कशाला वाहावी? त्याला आम्ही आहोत. आपण पडद्यांचा रंग तेवढा सांगावा."

तो आवाज बाईसाहेबांस झोंबला. पुढे त्या आपल्या लेकीस सांगत असत की कोणी शिवी दिली असती तर इतके वाटले नसते. शिवी देणारा निदान आपल्याकडे पाहून देतो. त्या उठल्या आणि "काळा," इतके बोलून निघून गेल्या. फडणिसांनी तो रंग उतरून घेतला. त्यांस थट्टा कळली नाही, रागही कळला नाही.

मग ते चाकघर आले. वाजत गाजत आले, हार घालून आले, आणि देवडीत शिरेना म्हणून कमानीची नक्षी फोडून आत घेतले. उंच इतके की चिमाईस पायरीवर हात टेकून चढावे लागे. आत आरसा, पडदा, झुंबर, शिसवी कपाट, आणि भांडी धुण्याची जागा तळहाताएवढी. निघण्याचे दिवशी सर्व सामान मागल्या अंगास भरिले, कपाट भांड्यांनी भरिले, आणि आणखी एक नवलाई जाहली. पाच माणसांनीच जावे ऐसे ठरले असता दिवाण अप्पाजीपंत प्रवासी टोपी घालून हजर. म्हणाले, वाटेत दोन निकडीची कामे महाराजांच्या कानावर घालावयाची आहेत, सबब मोटारीत महाराजांशेजारी मी बसतो, आणि मागे बाईसाहेब व मुले चाकघरात मजेत बसतील, खेळतील, निजतील. महाराज म्हणाले, "अगं, घाट उतरेपर्यंतच येतायत ते."

बाईसाहेब चिमाईस कडेवर घेऊन उभ्या होत्या. सारा चौक जमला होता. त्या म्हणाल्या, "चालत्या चाकघरात माणूस बसवायचं नसतं. आत धरायला काही नाही, बांधायला पट्टा नाही."

"अगदी निर्धास्त असावे," दिवाण म्हणाले. "घरातल्यासारखं आहे आत. मी स्वतः पाहिलंय."

"निर्धास्त आहे?"

"शंभर टक्के, बाईसाहेब."

"तर मग आपणच बसा," बाईसाहेब म्हणाल्या, आणि मोटारीचे दार उघडून तिन्ही लेकरे मागे बसविली, पट्टे आपल्या हाताने आवळिले, आणि आपण महाराजांशेजारी जाऊन बसल्या. दिवाण चौकासमोर शंभर टक्के बोलून चुकले होते, आता माघार घ्यावी तर हसे होते. म्हणून ते टोपी सावरीत चाकघरात चढले. बाईसाहेबांस वाटले होते की हा मनुष्य आता तरी म्हणेल, थांबा, खरेच बरे नाही हे. तो म्हणाला नाही. आणि महाराजही म्हणाले नाहीत.

माळावर मोटार ठीक चालली. घाटाची उतरण लागली आणि मागील भार मोटारीस ढकलू लागला. महाराज स्वतः हाकीत होते. त्यांनी ब्रेक दाबावा आणि मोटारीने हळू व्हावे, परंतु मागल्या घरास थांबावयाचे ठाऊकच नाही, ते रेटतच आहे. त्यात भार सारा शेपटीकडे, म्हणून वळणावर चाकघर डावीकडे झुलले, मग उजवीकडे झुलले, आणि प्रत्येक झुलण्यासरशी मोटारीचे तोंड दरीकडे फिरू लागले. जळक्या ब्रेकांचा वास आला. रंगराव ओकला. ताराऊने धाकटीचे डोके आपल्या छातीशी दाबून धरिले. बाईसाहेब मोठ्याने म्हणाल्या, "गिअर उतरवा. डोंगराकडे घ्या. डोंगराकडे!" आणि महाराजांनी हातातले चक्र डोंगराकडे फिरविले, तेव्हा चाकघराची कूस कातळास घासत घासत, ठिणग्या उडवीत, मोठा कडकडाट होऊन सारे थांबले.

मग बाईसाहेब उतरल्या, मुलांच्या डोक्यांवरून, हातांवरून, पायांवरून हात फिरविला, कोणास काही लागले नाही ऐसे पाहिले, आणि मागे धावल्या. दार वाकडे जाहले होते, ते महाराजांनी ओढून काढिले. आत शिसवी कपाट भिंतीवरून सुटून आडवे पडिले होते, आणि पडिले होते ते कोठे, तर जेथे मुलांनी खेळावे म्हणून गादी आंथरली होती बरोबर त्या गादीवर. गादी दबून मधून फाटली होती. चांदीची भांडी सर्वत्र. दिवाण कोपऱ्यात आरशाच्या काचांत बसले होते, कपाट येताना पाहून बाजूस उडी मारिली म्हणून जीव वाचला, हात मात्र मोडला होता.

बाईसाहेबांनी आपला शेला फाडून दिवाणांचा हात गळ्यात बांधिला. गाठ नीट मारिली, पाणी पाजिले, आणि मग रस्त्यावर उभ्या राहून बोलिल्या. आवाज चढविला नाही. "पंत, तुमचा हात मोडला याचं मला वाईट वाटतं. मी तुम्हाला आत बसवलं, तो दोष माझ्याकडे आहे, तो मी घेते. पण ती गादी बघा. बघा म्हणते ना! तिथं चिमाई निजली असती. मी मसलतीत विचारलं, ब्रेक आहेत का. तुम्ही मला पडद्यांचा रंग विचारलात."

दिवाणांनी मान खाली घातली. मग त्या महाराजांकडे वळल्या. महाराज म्हणाले, "वेणू, मला काय माहीत की..."

"तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर विचारत होते. आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. काय होतं हो खिडकीबाहेर?"

त्या राज्यात तोपर्यंत महाराजांस भर रस्त्यात कोणी ऐसे पुसले नव्हते, आणि वाटेचे बैलगाडीवाले थांबून ऐकत होते, तरी महाराजांनी त्यांस हाकलण्याची आज्ञा केली नाही. हे त्यांचे चांगुलपण लिहिले पाहिजे.

मग सारे माघारी फिरले, आणि बाईसाहेबांनी दुसरे दिवशी तिन्ही मुलांस घेऊन सौदागरांची पेठ गाठिली. मसलत नाही, चोपडी नाही. प्रत्येक चाकघरात मुलांस जोड्यांसकट निजविले. "लोळ गं," म्हणावे, आणि चिमाईने लोळावे, आणि पडली तर पुढले दुकान. ताराऊने उठून, पडदे ओढून केलेल्या अंधारात, दाराची कडी चाचपडून उघडावी. रंगरावाने, ओकारी आली तर कोठे धावशील, ते दाखवावे. एका सौदागराने छप्पर पाण्यास दाद देत नाही ऐशी शपथ घेतली, तेव्हा बाईसाहेबांनी त्यास आत बसवून वर पखालीने पाणी ओतविले, तो भिजून बाहेर आला. झुंबरशेठ हात जोडून पुढे आला, म्हणाला, "गरिबाच्या पोटावर पाय नका देऊ." बाईसाहेब म्हणाल्या, "तुझ्या पोटावर नाही, तुझ्या तोंडावर राग आहे. ब्रेक नाहीत हे तुला ठाऊक होतं. होतं की नाही?" तो म्हणाला, "दिवाणसाहेबांनी कपाट विचारलं, ब्रेक कुणी विचारलाच नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "मी विचारला होता," आणि तो मागे सरला.

शेवटी पेठेच्या टोकास एक बुटके, कापडी छपराचे चाकघर निघाले. दिसण्यास काही नाही. परंतु मोटारीस पेलेल इतके हलके, ब्रेक त्याचे त्याला, गॅसची टाकी बाहेरल्या कप्प्यात, स्वयंपाकाचा ओटा मागील फळी उघडली की उघड्यावर, आणि आत तिघा मुलांपुरती कठड्याची दोन मजली निजायची जागा व समोर दोघांपुरता पलंग. चिमाई खालच्या जागी लोळली, कठड्यास टेकली, आणि तेथेच झोपी गेली. महाराज मागाहून एकटेच पेठेत आले होते. ते वाकून आत शिरले, आणि डोके आपटले. मग जोडणीचा खटका कसा लावावा, भार धुरेकडे किती आणि मागे किती, हे सारे स्वतः विचारून घेतले, आणि न समजले ते पुन्हा विचारिले.

पुढे तो घाट सावकाश उतरून ती पाच माणसे समुद्रास पोहोचली. महाराजांनी वाळूत चूल मांडून पिठले केले, ते करपले, आणि रंगरावांनी दोनदा मागून घेतले. मुले दिवसभर लाटांत. एके दुपारी तिघेही दमून चाकघरात निजली होती, कापडी खिडकीतून वारा येत होता, महाराज बाहेर भांडी घाशीत होते, आणि बाईसाहेब पायरीवर बसून त्या तीन अंथरुणांकडे पाहत होत्या. ताराऊस जाग आली. ती बाहेर येऊन आईशेजारी बसली आणि आईचे तोंड पाहून म्हणाली, "आईसाहेब, तुम्ही अजून रागावलायत?"

"हो."

"कुणावर? आता तर सगळं छान झालं."

बाईसाहेबांनी तिच्या केसांतली वाळू झाडिली. मग बोलिल्या, "म्हणूनच. इतकं सोपं होतं हे, तारा. नुसतं ऐकायचं होतं."

महाराजांच्या हातातले पातेले थांबले. त्यांनी ऐकिले होते, परंतु वळून पाहण्याचे धैर्य जाहले नाही, आणि थोड्या वेळाने राख घेऊन ते पुन्हा घासू लागले.

येणेप्रमाणे हकीकत. चाकघर बाईसाहेबांनी निवडिले, महाराजांनी नव्हे, हे ठळक लिहिले आहे. दिवाणांचा हात जडला, लेकरे सुखरूप राहिली. बाईसाहेबांचा राग गेला किंवा कसे, ते या लेखकास ठाऊक नाही, आणि तो जावा ऐसी त्याची इच्छाही नाही. लेखनसीमा.