घाणीचा ठराव

आइझेलेमास्तर हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांसाठी डोंगरातल्या आरोग्यधामात गेले, तेव्हा जाताना त्यांनी खालच्या मजल्यावरच्या ब्रेंडलेबाईंना घराची किल्ली, अकरा मासे आणि चार पानी सूचना दिल्या. सूचना मास्तरकीच्या अक्षरात होत्या. दाणे किती, कधी, दिवा कोणत्या बटणाने, सगळं क्रमांक घालून. फक्त टाकीतल्या फिल्टरबद्दल एक अक्षर नव्हतं. फिल्टरला काहीच करायचं नसतं, हे मास्तरांना इतकं माहीत होतं की ते लिहायचं त्यांना सुचलंच नाही.

अकरा माशांपैकी दहा मासे ठीक होते, म्हणजे शेपट्या चांगल्या होत्या. अकरावा गुस्टल. तळाशी वाळू हुंगत फिरणारा, मिशाळ, वयाने सतरा वर्षांचा. मास्तरांच्या बायकोने, हेडविगने, तो करंगळीच्या नखाएवढा असताना आणला होता. हेडविग जाऊन सहा वर्षं झाली. गुस्टल होता.

"डॉक्टर म्हणालेत, त्याला काळजीचा एक शब्दसुद्धा कानावर पडता कामा नये," मास्तरांच्या बहिणीने ब्रेंडलेबाईंना जिन्यातच बजावलं होतं. "एक शब्दसुद्धा!"

"माझ्या तोंडून? अहो, काळजी करण्यासारखं काही घडलं तर ना!"

बाई बोलत होत्या त्यात तथ्य होतं. एस्लिंगेनच्या त्या घरात दर आठवड्याला एकेका कुटुंबाकडे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी येई, आणि ब्रेंडलेबाईंच्या पाळीनंतर टपालवाला बूट काढावेत की काय अशा विचारात दारात घुटमळत असे. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, त्यांनी मास्तरांच्या टाकीच्या मागे वाकून पाहिलं. फिल्टरमधला स्पंज तपकिरी, बुळबुळीत आणि घाण वासाचा होता.

"अरे देवा," बाई माशांना म्हणाल्या, "बायको गेल्यावर पुरुषांचं हे असं होतं."

त्यांनी स्पंज उकळत्या पाण्यात घातला. मग व्हिनेगरमध्ये. मग ब्रशने घासला, पिळला, बाल्कनीत उन्हात वाळवला आणि लिंबासारखा पिवळा करून परत बसवला. त्या संध्याकाळी त्यांना फार बरं वाटलं. सहा वाजता मास्तरांचा फोन आला.

"गुस्टल जेवला का?"

"ताट चाटून पुसून," बाई म्हणाल्या. हे अजून खरं होतं.

शुक्रवारी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. दहा मासे वर येऊन तोंडं उघडी-मिटी करत होते आणि गुस्टल वाळूवर कुशीवर कलला होता.

सहाला फोन. "गुस्टल काय म्हणतोय?"

बाईंनी टाकीकडे पाठ केली. "काय म्हणणार! भटकतोय इकडून तिकडे. तरणाताठा झालाय नुसता."

फोन ठेवल्यावर बाई पायपुसण्यावरच बसल्या. पासष्ट वर्षांत त्या एवढं खोटं बोलल्या नव्हत्या, आणि तेही इतक्या सफाईने.

शनिवारी दुपारी तीनला 'गुलाब' खानावळीच्या मागच्या खोलीत गावाच्या मत्स्यमित्र मंडळाची मासिक सभा असते, हे मास्तरांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. बाई तीनला पाच कमी असताना हजर झाल्या आणि तीन वाजून एक मिनिटाने उभ्या राहिल्या.

"माझे मासे मरताहेत हो!"

अध्यक्ष रूफ यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, आपण सभासद आहात का?"

"नाही. शेजारीण आहे."

"मग पाहुण्यांचे प्रश्न विषय क्रमांक सात. आता विषय क्रमांक एक चालू आहे. मागील इतिवृत्त मंजूर करणे."

"पण तोपर्यंत ते मरतील!"

"मरणंसुद्धा सातमध्येच येतं."

बाई बसल्या. विषय चार प्रदर्शनातल्या पडद्यांचा रंग हा होता. हिरवा की निळा, यावर पन्नास मिनिटं गेली, कारण मागच्या वर्षीच्या हिरव्यामुळे दोन सभासद अजून एकमेकांशी बोलत नव्हते. अखेर सातवा विषय आला. पाहुणीला बोलू द्यावं का, यावर मतदान झालं. नऊ बाजूने, एक तटस्थ. विषय ऐकल्याशिवाय मत कसं देणार, असं तटस्थाचं म्हणणं पडलं.

बाईंनी सगळं सांगितलं. रूफ यांनी एकच विचारलं.

"फिल्टर धुतलात?"

"धुतला की."

"कशानं?"

"उकळत्या पाण्यानं." बाई थांबल्या. "आणि व्हिनेगरनं. आणि ब्रशनं."

खोलीत कुणीतरी बिअरचा ग्लास खाली ठेवला.

"बाई," रूफ हळूच म्हणाले, जसं डॉक्टर घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात, "त्या घाणीत जिवाणू राहतात. माशांनी केलेली सगळी घाण ते निस्तरतात. रात्रंदिवस जिन्याच्या पाळीवर असल्यासारखे. तुम्ही झाडूवालेच उकळलेत."

ब्रेंडलेबाईंचा चेहरा पडला. झाडूवाल्यांबद्दल त्यांना आयुष्यभर आदर होता.

"आता काय करू? गुस्टल त्यांच्या बायकोनं आणलेला आहे हो. आणि मास्तरांचं हृदय... त्यांना सांगायचं नाहीये."

"रोज निम्मं पाणी बदला. आणि चालत्या टाकीतली जुनी घाण आणून बसवा."

"घाण कुठं मिळेल?"

घाण मागायची वेळ बाईंवर पहिल्यांदाच आली होती, आणि ती इतक्या प्रेमाने देऊ करणारी माणसंही पहिल्यांदाच भेटत होती.

"माझ्याकडची न्या! चार वर्षं हात लावला नाही."

"त्याच्यात गोगलगायी आहेत, घेऊ नका. माझी घ्या, माझी गोगलगायींशिवायची आहे."

"तुझी पातळ आहे रे!"

शेवटी रीतसर ठराव आला : 'ब्रेंडलेबाईंना घाण देण्यात यावी.' दहा विरुद्ध शून्य. तटस्थानेही हात वर केला. घाण अध्यक्षांची ठरली, कारण ते खानावळीच्या जवळच राहत.

साडेपाचच्या बसमध्ये ब्रेंडलेबाई मांडीवर झाकणाचं पातेलं घेऊन बसल्या होत्या. आत पाण्यात काळपट स्पंज होता. वळणावर बस हिसका देई तशा त्या पातेल्याला पोटाशी धरत.

"कसलं सूप?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"सूप नाही," बाई म्हणाल्या. "जिवंत आहे."

आजोबा पुढच्या थांब्याला उतरले. घरी पोचेपर्यंत जिन्यावर तपकिरी थेंबांची रांग लागली होती. पाळी बाईंचीच होती. त्यांनी थेंबांकडे पाहिलं, त्यांना ओलांडलं आणि थेट वर गेल्या. असं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

पुढचे दिवस बादल्यांचे होते. रोज सहाला फोन येई, आणि एकदा जीभ सैल झाल्यावर बाईंना थांबता येईना. गुस्टल रेडिओ लागला की पुढे येतो. गुस्टलने एका तरुण माशाला दटावलं. गुस्टल तिच्यावर, म्हणजे लाल शेपटीवालीवर, नजर ठेवून आहे. पलीकडून मास्तर खो खो हसत. प्रत्यक्षात गुस्टल पडून होता आणि बाई काचेला नाक लावून त्याचे कल्ले हलताहेत का ते बघत होत्या.

बाराव्या दिवशी पाणी निवळलं. तेराव्या दिवशी गुस्टल उठला, चार इंच चालला आणि एक दाणा खाल्ला. बाईंनी पदर नसल्यामुळे भांडी पुसायच्या फडक्याने डोळे पुसले.

मास्तर परत आले ते बारीक होऊन, पण गुलाबी होऊन. टाकीपुढे उभे राहून त्यांनी अकरापर्यंत मोजलं. बाईंना ते सहन होईना.

"मास्तर, मला काही कबूल करायचंय. तो फिल्टर मी—"

"उकळलात," मास्तर म्हणाले. त्यांनी कोटातून घडी केलेला कागद काढला. "मंडळाचं इतिवृत्त. सगळ्या सभासदांना टपालाने जातं. विषय क्रमांक सात. मला आरोग्यधामात दुसऱ्या मंगळवारी मिळालं."

"मंगळवारी?" बाईंचा आवाज चढला. "म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? आणि तुमचं हृदय?"

"धडधडलं थोडं. मग रूफला फोन केला. तो म्हणाला, बाई मनावर घेतायत, गुस्टल जगेल."

"आणि तरी रोज सहा वाजता विचारत होतात, गुस्टल कसा आहे म्हणून? मी इकडे बादल्या उचलत खोटं बोलतेय, आणि तुम्ही ऐकताय! लाज नाही वाटली?"

"वाटली ना," मास्तर म्हणाले. "पण मंगळवारीच सांगून टाकलं असतं, तर त्या लाल शेपटीवालीचं पुढे काय झालं ते मला कसं कळलं असतं?"

मास्तरांनी दुसरी खुर्ची टाकीसमोर ओढली, हाताने झटकली आणि बाईंसाठी ठेवली. सहा वाजत आले होते. काचेपलीकडे गुस्टल वाळूवर निवांत पडला होता, मिशीसुद्धा हलवत नव्हता.

"मग?" मास्तरांनी विचारलं. "आज काय काय केलं त्यानं?"

बाईंनी खुर्चीत बसून एकदा गुस्टलकडे नीट पाहिलं.

"आज ना," त्या म्हणाल्या, "सकाळी फारच गंमत झाली."