पिंगट केसांची सोयरीक

केसांच्या रंगाला काय म्हणावं, हे मला कुणी शिकवू नये! अख्खा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलाय. बुवांच्या पायाशी बसून ऐकलंय मी: मूळ शब्द 'पिंग', त्याचा 'पिंगल', आणि तोच आपला 'पिंगट'. महादेवाची जटा पिंगट! 'भुरी' म्हणावं ते म्हशीला.

पण बहात्तरच्या दुष्काळात माझ्या पुतणीचे, अंजनाचे, काळेभोर केस मक्याच्या कणसावरच्या तुऱ्यासारखे झाले, आणि खडी फोडायच्या कामावरच्या बाया तिला 'भुरी' म्हणू लागल्या. त्यातच केजकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. त्यांच्या विहिरीला पाणी आहे असं ऐकलं होतं. पोरगी तिथं दोन घास खाईल, एवढीच आमची आस.

"भावजी, केस बघून माघारी जातील वो!" अंजनाची आई, साखराबाई वहिनी, रडकुंडीला आल्या.

"वहिनी, तुमी नुसता चहा टाका. 'पिंगट'ची महती आशी सांगतो, की नवरदेव हात जोडून हुबा ऱ्हाईल!"

पाहुणे आले. धुळाजी, त्यांची बायको विमलबाई आणि पटका पार कानावर ओढलेला नवरदेव सुग्रीव. मी सुरू झालो! पिंग, पिंगल, जटा, गंगा... मधे दोनदा विठ्ठलनामाचा गजरही करवून घेतला. "आता बघा, साक्षात पिंगट केशसंभार!" म्हणत दाराकडं हात केला.

अंजना बाहेर आली. केस चुलीतल्या कोळशासारखे काळे!

"आवं, पिंगट कुठंय?" धुळाजी डोळे चोळू लागले. "दुसरीच पोरगी काढली का काय?"

वहिनींनी माझ्या वाणीवर नाही, माझ्या बुक्क्यावर भरवसा ठेवला होता! कीर्तनात कपाळी लावायचा तो काळा बुक्का. देव्हाऱ्यातली सगळी डबी तेलात कालवून पोरीच्या डोक्याला थापली होती. वर वैशाखाचं ऊन! एक काळी धार कपाळावरून निघाली, पोरगी पाया पडायला वाकताच नाकाच्या शेंड्यावर आली आणि टपकन धुळाजींच्या हातातल्या चहात पडली.

"चहाला देवळाचा वास कावून येतोय?" धुळाजी म्हणाले.

अंजना हुंदके देऊ लागली. विमलबाई उठल्या. पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि लेकाकडं वळल्या. "सुग्रीव, काढ तो पटका."

त्यानं काढला. खाली तोच मक्याचा तुरा!

"भाकरीवाचून असंच हुतंय बाई," विमलबाई हळूच म्हणाल्या. "आमच्या गावात सगळी लेकरं अशीच."

"पण तुमच्या हिरीला पाणी हाय म्हणं?" मी विचारलं.

"व्हतं," विमलबाई म्हणाल्या. "तुमच्या गावात दुधाची सोसायटी हाय म्हून आमी आलतो. म्हटलं, पोराला हितंच घरजावई ठिवावं."

"सोसायटीची पाटी हाय. म्हशी कवाच बाजारात गेल्या."

मग धुळाजींनी तो काळा चहा एका दमात पिऊन टाकला. "पोरगी पसंत हाय. पाऊस झाला, की बार उडवून देऊ!"

अंजनानं नाक पुसत मला विचारलं, "काका, आन् तवर खायाचं काय?"

चाळीस वर्षांच्या कीर्तनातली एक ओवी आठवेल तर शपथ! मी आपला गुमान रिकामे कप उचलायला लागलो.